बाईंनी जोडलेली दोन कार्डं

"परभणी, तुम्हाला दोन कार्डं जोडता येतात का?"

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बाईंनी मला हे विचारलं तेव्हा मी शाळेत नवीनच होतो. त्या दिवसांत जो तो आधार आणि पॅन जोडण्याच्या मागे लागलेला. मी कॉम्प्युटरचा शिक्षक, त्यामुळे निम्म्या स्टाफची कार्डं मीच जोडून दिली होती. मी उत्साहानं म्हणालो, "येतात की! दोन्ही कार्डं आणि मोबाईल घेऊन या बाई, पाच मिनिटांचं काम आहे."

"मोबाईल कशाला? पॉवर सप्लाय लागेल. मोठा."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं, रुमालानं हात पुसले आणि वर्गातल्या ढ मुलाला समजवावं तशा शांतपणे म्हणाल्या, "ग्राफिक्स कार्डं हो. एक आहे माझ्याकडे. अगदी तसंच दुसरं शोधतेय. दोन्ही एकाच कॉम्प्युटरमध्ये बसवायचीत. गेम नीट चालायला पाहिजे."

बाई भूगोल शिकवायच्या. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली, सुती साडी, करड्या केसांचा घट्ट अंबाडा, चष्म्याला काळी दोरी. त्यांच्या तोंडून 'गेम' हा शब्द ऐकून समोर पेपर तपासत बसलेल्या मराठीच्या सरांचं पेनही थांबलं.

परभणी म्हणजे मी. बाई कोणालाच नावानं हाक मारत नसत. वर्गात "विचुंबे, फळा पूस," "बेलपाडा, खिडकीबाहेर काय बघतोस?" असं चालायचं. एकाच गावचे दोघे असले तर एक पूर्व आणि एक पश्चिम. मुख्याध्यापक अलिबाग होते, आणि तपासणीला आलेल्या साहेबांसमोरसुद्धा 'अलिबाग' म्हटल्यावर ओ देऊन मोकळे झाले होते. मी एकदा धीर करून विचारलं, "बाई, नावानं का नाही हाक मारत?"

"नाव नकाशावर सापडत नाही," त्या म्हणाल्या. "गाव सापडतं."

त्यांचा तास "उत्तर कुठे आहे?" या प्रश्नानं सुरू व्हायचा. नवी मुलं गडबडीनं पुस्तक उघडायची. जुनी मुलं हसत समोरच्या भिंतीकडे बोट करायची. मग बाई फळ्यावर खडू टेकवायच्या आणि तो न उचलता, एका दमात सगळा भारत काढायच्या. काश्मीरपासून निघून काश्मीरला परत. काढून झाल्यावर दोन पावलं मागे जाऊन बघायच्या आणि दर वेळी म्हणायच्या, "अंदमान, माफ कर बाबा." मग कोपऱ्यात चार ठिपके. हे विसरणं खरं होतं की मुलांसाठी होतं, ते मला कधी कळलं नाही.

डावं-उजवं हे शब्द त्यांना मान्य नव्हते. डावं-उजवं माणूस वळला की बदलतं, असल्या गोष्टीवर विश्वास कसा ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं. खडूचा डबा कपाटाच्या पूर्वेला असायचा. रिक्षावाल्याला त्या सांगायच्या, "पुढच्या चौकात नैर्ऋत्येला घ्या." रिक्षावाला मान वळवून बघायचा. त्या हातानं दाखवायच्या, आणि दाखवताना शब्द पुन्हा एकदा म्हणायच्या. पनवेल स्टँडवरच्या बऱ्याच रिक्षावाल्यांना नैर्ऋत्य माहीत आहे ते त्यांच्यामुळे, हे मी पैजेवर सांगेन.

आता बाई निवृत्त आहेत आणि मीही ती शाळा सोडून दुसरीकडे आहे. त्यांच्या वडिलांना जाऊन काही वर्षं झाली. पण ती दोन कार्डं त्या वडिलांसाठीच होती, आणि बाईंबद्दल सांगायचं तर बाबांना वगळून सांगता येत नाही.

बाई आणि बाबा नवीन पनवेलला एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. लिफ्ट नव्हती. बाबा वनखात्यात गार्ड होते. सगळी नोकरी कर्नाळ्याच्या आणि आजूबाजूच्या रानात काढलेली. ऐंशी ओलांडली होती, गुडघे पार गेले होते. एकदा त्यांना एक्स-रेसाठी चार जणांनी खुर्चीत बसवून खाली नेलं, तेव्हा शेजारपाजारचे दारात येऊन उभे राहिले. परत आल्यावर बाबा म्हणाले, "मयत नेतात तसा नेलात मला. आता खरा मरंन तवाच खाली उतरंन." आणि ते खरोखरच पुन्हा खाली उतरले नाहीत. डॉक्टर वर यायचे, न्हावी वर यायचा. बाबा खिडकीशी बसून समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचे कावळे बघायचे.

बाईंनी दोन वर्षं हे पाहिलं. मग कुठल्याशा मुलाकडून त्यांना कळलं, की एक शिकारीचा गेम आहे आणि त्यात मैलोन् मैल रान आहे. झाडं, ओढे, डोंगर, धुकं, आणि आपण नुसतं चालत राहायचं. बाईंनी त्याच महिन्यात कॉम्प्युटर घेतला.

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा बाबा रानातच होते. मोठा स्क्रीन, त्यापुढे खुर्ची, खुर्चीत अंगात बनियन आणि डोक्याला मफलर गुंडाळलेले बाबा. स्क्रीनवर उंच सुईसारख्या पानांची झाडं, परदेशातली. बाबांच्या हातातल्या बंदुकीची नळी खाली जमिनीकडे होती.

"या मास्तर, बसा," मान न वळवता ते म्हणाले. "जरा हलू नका. ससा हाय."

मला काही ससा दिसेना. बाबा थांबले, दोन मिनिटं हललेच नाहीत, आणि खरंच गवतातून एक करडं डोकं वर आलं, इकडेतिकडे बघून पुन्हा आत गेलं.

"मारायचा नाही का?" मी विचारलं. शिकारीचाच गेम, म्हणून विचारलं.

बाबांनी तेव्हा मान वळवली. माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी चूक कळली. "बंदूक कंपनीनं दिल्ये," ते म्हणाले. "फेकून देता येत नाय. नायतर कवाच फेकली असती."

त्या गेममध्ये बाबांनी कधीही गोळी झाडली नाही. ते गस्त घालायचे. सकाळी अंघोळ, चहा, मग रान. ओढ्याला पाणी किती आहे ते बघायचे, माग बघायचे, हरणांचा कळप दिसला की थांबून, "जा रे, जा, आमी काय करत नाय," म्हणायचे. गेम त्यांना सारखा शून्य गुण द्यायचा.

पण एक अडचण होती. बाबा मान वळवल्यासारखा माऊस वळवायचे, आणि दाट झाडीत चित्र अडखळायचं. कॉम्प्युटर एका सेकंदात जितकी चित्रं रंगवतो तितकं ते हालणं सलग दिसतं. बाईंच्या कार्डाला त्या रानात तितकी चित्रं रंगवणं जमत नव्हतं. स्क्रीन थबकायचा, पुन्हा धावायचा, आणि बाबांना गरगरायला लागायचं. मग ओकारी, मग दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहणं.

"गवत कमी करता येतं सेटिंगमध्ये," मी तेवढंच सुचवू शकलो. "गवत आणि सावल्या काढल्या की कार्डावरचा भार उतरतो."

"केलं होतं," बाई म्हणाल्या. "बाबांनी विचारलं, गवत काढलंस तर ससा कुठं लपंल?"

म्हणून दुसरं कार्ड. एक चित्र एका कार्डानं रंगवायचं, पुढचं दुसऱ्यानं, परत पहिल्यानं. दोघांमध्ये काम वाटून दिलं की चित्रं जवळजवळ दुप्पट. फक्त दुसरं कार्ड पहिल्यासारखंच हवं, आणि तसलं कार्ड आता दुकानांत यायचं बंद झालं होतं.

हे सगळं बाई इंटरनेटवरून शिकल्या होत्या. असल्या विषयांवर गप्पा मारणाऱ्या लोकांच्या एका परदेशी साईटवर त्या प्रश्न विचारायच्या. प्रश्नाची सुरुवात 'रिस्पेक्टेड सर' आणि शेवट 'युअर्स फेथफुली', खाली शाळेचा हुद्दा. समोरून उत्तरं यायची ती 'ब्रो' अशी. स्टाफरूममध्ये त्यांनी एकदा गंभीरपणे जाहीर केलं, "फिनलंड मला ब्रो म्हणतो." हा फिनलंड टपालखात्यात होता असं पुढे समजलं. त्याला बाईंनी कार्डाबद्दल विचारण्याआधी अक्षांश विचारले होते.

दुसरं कार्ड शेवटी खारघरमध्ये निघालं, बेलपाड्यात. एका तरुणाला विकायचं होतं. बाईंनी मला शनिवारी शाळा सुटल्यावर स्कूटरवर मागे बसवलं. "तुम्ही फक्त कॉम्प्युटर शिक्षक म्हणून उभे राहा," त्या म्हणाल्या. "बोलेन मी."

तो तरुण चार मजली घराच्या तळमजल्यावर राहत होता. मांडीवर दोन-तीन महिन्यांची मुलगी. बाईंनी कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं, पंख्यावर फुंकर मारली आणि चौकशी सुरू केली. किती तास चालायचं? गरम व्हायचं का? खोलीत एसी होता की पंखा? मुलगा बिचारा नीट उत्तरं देत होता. शेवटी बाई म्हणाल्या, "का विकताय?"

"आता कुठं टाईम हाय मावशी?" तो म्हणाला. "ही झोपली की आमी पन झोपतो." आणि मग जरा लाजत, "तुमच्या नातवाला पाहिजे काय?"

"वडिलांना," बाई म्हणाल्या.

तो त्यांच्याकडे बघतच राहिला. त्याची आई आतून खाऱ्या शेंगदाण्यांची बशी घेऊन आली होती, तीही थांबली. "वय काय त्यांचं?" आईनं विचारलं. बाईंनी सांगितलं. त्या माउलीनं पोराच्या पाठीत एक धपाटा घातला. "बघ! आनि तू सोडून दिलास."

परत येताना मी ते कार्ड मांडीवर दोन्ही हातांनी धरलं होतं. बाई हळू चालवत होत्या, खड्डा आला की स्कूटर जवळजवळ थांबवत होत्या. बोलता बोलता त्या एकदम म्हणाल्या, "लहानपणी मला या रानाचा फार राग यायचा, परभणी."

"कुठल्या रानाचा?"

"कर्नाळ्याच्या. आमचं घर पायथ्याला. बाबा घरी कधी नसायचाच. उन्हाळ्यात वणवे, पावसाळ्यात लाकूडचोर. आई एकटी सगळं बघायची. मी मागे लागायचे, मला पण ने. म्हणायचा, रान पोरींसाठी नाय. भावाला न्यायचा. तो कंटाळून यायचा, पाय दुखतात म्हणून रडायचा. मी दारात उभी."

पुढे सिग्नल लागला. बाईंनी पाय टेकवला.

"मग एकदा त्याच्या साहेबांनी टाकून दिलेला एक नकाशा मिळाला मला. फाटका. मी तो चिकटवला आणि शिकले. आज बाबा कुठे असेल, या ओढ्यापाशी की त्या टेकाडावर, असं बोट ठेवून आईला सांगायचे. बरोबर असायचं की नाही कोण जाणे. आई म्हणायची, बरं बाय, जवळच हाय म्हनजे." त्या हसल्या. "माझा भूगोल तिथून सुरू झाला."

सिग्नल सुटला. बाईंनी स्कूटर पुढे काढली.

रविवारी आम्ही कार्डं जोडली. आम्ही म्हणजे बाईंनी. मी टॉर्च धरला. दोन कार्डं शेजारी शेजारी बसली, त्यांच्या डोक्यांवर बोटभर लांबीची एक पट्टी बसवली. "याला ब्रिज म्हणतात," बाई म्हणाल्या. "पूल म्हणायला काय हरकत आहे?" दोन कार्डांच्या उष्णतेनं कॉम्प्युटरची पेटी तापायला लागली, म्हणून तिचं एका बाजूचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला. शाळेत कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद करायला लावणाऱ्या बाई घरी त्या पेटीला वारा घालत बसल्या होत्या.

स्क्रीनच्या कोपऱ्यात सेकंदाला किती चित्रं होतात त्याचा आकडा दिसायचा. बाईंनी रान सुरू केलं, दाट झाडीत शिरल्या, आणि आकडा खरंच दुपटीच्या जवळ गेला. बाईंनी टाळी वाजवली. मी त्यांना टाळी वाजवताना तेवढं एकदाच पाहिलं. "अजून जोर लावून बघू," म्हणत त्यांनी कळपाकडे धाव घेतली, भराभर बटणं दाबली, आणि ठो असा आवाज झाला.

एक हरीण गवतात आडवं झालं.

बाबा खुर्चीत होते. दोन्ही हात टेकवून, कण्हत उठले, भिंतीला धरत धरत गेले आणि मेन स्विच बंद केला. पंखा थांबला.

"बाबा, चुकून दाबला गेला," बाई म्हणाल्या. घरी त्यांची भाषा बदलायची. "मी मुद्दाम नाय केला."

"घरात शिकार नाय," बाबा म्हणाले आणि जाऊन पलंगावर पडले.

आठवडाभर ते बाईंशी बोलले नाहीत. शेवटी त्यांनी बाईंना कॉम्प्युटरसमोर बसवून रीतसर पंचनामा करायला लावला. जनावर नर, गोळी मानेत, वेळ दुपारची. आरोपीनं गुन्हा कबूल केला. बाईंनी माझ्याजवळ येऊन हळूच सांगितलं, "परभणी, काल मी हरणाची माफी मागितली. बाबा म्हणाला, माझ्याकडं नको, त्याच्याकडं माग."

मला हसू आलं. बाईंना आलं नाही. त्या म्हणाल्या, "मागितल्यावर बरं वाटलं पण."

त्यानंतर बाबा पुन्हा गस्तीला लागले. मी जाईन तेव्हा बाई विचारायच्या, "आता कसं वाटतंय बाबा? गरगरतं?" आणि बाबा म्हणायचे, "एकदम झ्याक. तेल घातल्यागत चालतंय." बाई कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघून मान हलवायच्या.

एका रविवारी बाई दूध आणायला खाली गेल्या होत्या. बाबा रानात होते. मी बाजूला बसलो होतो. त्यांच्याकडे नजर गेली तर त्यांचे डोळे मिटलेले. बोटं कीबोर्डच्या कळांवर होती, स्क्रीनवर झाडं मागे जात होती आणि बाबा डोळे मिटून चालत होते. थोड्या वेळानं त्यांनी हात उचलला, मोरीकडे बोट केलं. मी धरून नेलं. ओकारी झाल्यावर त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि माझा हात घट्ट धरला.

"तिला बोलू नका, मास्तर."

"अहो पण बाबा, त्रास होतोय तर..."

"किती धावपळ केल्ये पोरीनं. उन्हातानात फिरली. तो आकडा बघून खूश होते. आता नाय म्हनलं तर काय वाटंल तिला?" ते परत खुर्चीत बसले. दम खात म्हणाले, "आनि मला डोळे मिटून पन दिसतंय. झाडं काय, सारखीच."

जिन्यात बाईंची पावलं वाजली. बाबांनी डोळे उघडले आणि स्क्रीनकडे बघत मोठ्यांदा म्हणाले, "वा! काय झ्याक चालतंय!"

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. बराच वेळ वह्यांचा गठ्ठा सारखा करत राहिल्या.

"बाबा डोळे मिटून खेळतो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माहीत आहे ना?"

"हो, बाई."

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तो मला बरं वाटावं म्हणून करतोय. मी बोलले असते तर त्यानं माऊस हातात धरणंच सोडलं असतं. मला ओळखता येतं हो. आमच्या घरात सगळे असेच." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण आकडा तर दुप्पट आहे, परभणी. मग चुकतं कुठे?"

हा प्रश्न त्यांनी फिनलंडला विचारला. 'रिस्पेक्टेड सर' लिहून सगळी हकीकत कळवली. वडील वनखात्यात होते, गुडघे गेले, आकडा वाढला तरी गरगरतं. त्या वेळी पहिल्यांदा फिनलंडचं उत्तर 'ब्रो'नं सुरू झालं नाही. त्यानं लांबलचक समजावून लिहिलं होतं. चित्रं दुप्पट झाली तरी दोन्ही कार्डं ती एकसारख्या अंतरानं देत नाहीत. एकानं दिलं की लगेच दुसरं देतं, मग थोडा वेळ काहीच नाही, मग पुन्हा दोन लागोपाठ. आकडा सेकंदातली बेरीज दाखवतो, मधली अंतरं दाखवत नाही. डोळ्याला कळतं, आकड्याला कळत नाही. उपाय एकच, आकड्याला लगाम घालायचा. जमतील तितकी चित्रं काढू द्यायची नाहीत, थोडी कमीच मागायची, म्हणजे कुणालाच घाई राहत नाही.

शेवटी त्यानं एक प्रश्न विचारला होता, की तुमच्या वडिलांना हे रान कसं वाटतं, कारण आमच्याकडे साधारण असंच असतं. बाबांनी उलट निरोप पाठवला, "त्याला विचार, त्याच्याकडं वणवा लागतो काय." पुढे कितीतरी दिवस बाई मधे बसून त्या दोघांचे निरोप इकडून तिकडे करत होत्या.

बाईंना हा उपाय जड गेला. त्या आकड्यासाठी त्यांनी एवढं केलं होतं. तो कमी करायचा म्हणजे फळ्यावर लिहिलेलं बरोबर उत्तर आपणच पुसायचं. त्या दुपारी मी तिथे होतो. त्यांनी लगामाचं सेटिंग उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मग लावून टाकलं. आकडा खाली आला आणि तिथेच खिळून बसला. बाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग आरशावर चिकटवलेली एक टिकली काढली आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात, आकड्यावर लावून दिली.

"बाबा, ये बस," त्या म्हणाल्या. "आनि डोळे उघडे ठेव. मला सगळं माहीत हाय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं, मी सांगितलेलं नाही. बाबा ओशाळून हसले, खुर्चीत बसले आणि चालायला लागले.

फरक मलासुद्धा दिसला. झाडं सरकत होती, पाणी वाहत होतं, काही थबकत नव्हतं. बाबा ओढ्यापर्यंत गेले. डोळे उघडे होते. ओढ्यापाशी त्यांनी पलीकडचा काठ बघायला माऊस वळवला आणि रान एकदम हिंदकळलं. पण या वेळी दोष कार्डांचा नव्हता. बाबांचा उजवा हात थरथरत होता. आजवर चित्राच्या अडखळण्यात ते लपून गेलं होतं.

बाईंनी ते पाहिलं. मला वाटलं, झालं, एवढं करून हे असं.

बाबांनी माऊसवरून हात काढला. थोडा वेळ तो मांडीवर ठेवून त्याच्याकडे पाहिलं. मग डावा हात कळांवर तसाच ठेवून त्यांनी खुर्ची जराशी बाजूला सरकवली.

"बाय, तू धर हे."

"कशाला? मला नाय येत."

"त्यात काय यायचंय? मी चालतो. तू बघ. कुठं बघायचं ते मी सांगतो." बाई तरी हलल्या नाहीत, तेव्हा ते म्हणाले, "चल ना. उजेड हाय तवर फिरून येऊ."

बाईंनी स्वयंपाकघरातून स्टूल आणलं. पदर खोचून त्या बाबांच्या शेजारी बसल्या आणि माऊसवर हात ठेवला. बाबांनी कळ दाबली. दोघं ओढ्यात उतरले. बाबा चालवत होते आणि बाई मान वळवत होत्या, सावकाश. पलीकडच्या काठावर चढताना बाबा म्हणाले, "आता जरा वर बघ. तिकडं. तो दगड दिसतो? त्याच्या मागं पानी असंल." बाईंनी वर पाहिलं. "हाय," त्या म्हणाल्या. "पानी हाय, बाबा." त्यांचा आवाज मी शाळेत कधी न ऐकलेला होता.

माझ्या चहाचा कप रिकामा झाला होता. तो मी मोरीत नेऊन ठेवला. "येतो बाई," म्हटलं, पण कोणी मागे वळून पाहिलं नाही. मी चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं. जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत आतलं बोलणं ऐकू येत होतं.

"बाबा, तिकडं कायतरी हाललं."

"हरनं हायत. हळू, बाय. पानं वाजतात."